किडनी फेल असताना लाल पेशींतलं सोडियम का वाढतं? (आणि माझं रीडिंग ३४ का येतंय)

बायोकेमवाली_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. एमएस्सी बायोकेमच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टमध्ये पार अडकलेय. विषय मीच हौसेने मागून घेतला, किडनी फेल्युअर आणि लाल पेशींमधली सोडियमची ने-आण, कारण बाबांचं दीड वर्ष डायलिसिस चालू आहे आणि मला वाटलं निदान एक तरी गोष्ट मुळापासून समजून घ्यावी. आता वाटतंय गप स्टार्च-अमायलेज घेतलं असतं तर बरं झालं असतं.

तर गोंधळ असा. बाबांच्या फायलीत पंधरा-वीस रिपोर्ट आहेत, क्रिएटिनिन ८-९ च्या घरात, पोटॅशियम कधी ५.४ कधी ५.९, पण सोडियम बघावं तर १३७, १३८, १४०, एकदम सज्जन माणसासारखं जागच्या जागी. आणि पुस्तकात लिहिलंय की युरेमियात (किडनी फेल होऊन रक्तात कचरा साठतो ती अवस्था) लाल पेशींमधलं सोडियम वाढतं, सोडियम पंप मंदावतो वगैरे. मग ते रिपोर्टमध्ये दिसत का नाही? आणि पंप नेमका कशाने मंदावतो, पेशीच खराब निघते की रक्तातलं काही त्याला त्रास देतं? गाईड मॅडमना विचारलं तर म्हणाल्या दोन्ही, आणि मीटिंगला गेल्या.

दुसरा प्रॉब्लेम प्रॅक्टिकल. पेशंटचे सॅम्पल घ्यायच्या आधी सराव म्हणून माझंच रक्त घेतलं, पेशी धुतल्या, फोडल्या, फ्लेम फोटोमीटरवर (ज्योतीच्या रंगावरून सोडियम मोजणारं यंत्र) लावल्या. लिटरमागे ६ ते १० मिलीमोल यायला हवं होतं, आलं ३४! मला काही किडनीचा आजार नाही हो. दोनदा केलं, दुसऱ्यांदा ३१.

लॅबवाले_काका

बाळ, पेशी कशाने धुतल्यास? आणि शेवटचं सेंट्रिफ्यूज किती स्पीडला, किती वेळ? एवढं सांग, मग बोलू.

रात्रपाळी_रेसिडेंट

नेफ्रोलॉजीत रेसिडेंट आहे, आत्ता वॉर्ड शांत आहे तोवर लिहून घेतो, मध्येच गायब झालो तर समजून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे रिपोर्टमधलं सोडियम हे पेशीच्या बाहेरच्या पाण्यातलं असतं. लॅबवाले रक्त गोठू देतात, पेशी खाली बसतात, वरचं पिवळं सीरम मशीनला जातं आणि खालच्या पेशी डब्यात जातात. म्हणजे तुम्ही ज्या पेशींवर प्रोजेक्ट करताय त्या त्या रिपोर्टमध्ये नाहीतच. बाहेर सोडियम १४०, आत जेमतेम ६ ते १०. पोटॅशियमचं बरोबर उलटं, बाहेर ४-५ आणि आत ९० ते १००. आणि बाहेरचं १३८ हे पण मिठाचं मोजमाप नाही बरं का, ते मीठ आणि पाणी यांचं प्रमाण आहे. बाबांच्या अंगात दोन डायलिसिसच्या मध्ये तीन किलो पाणी साठतं तेव्हा मीठही साठलेलं असतं, पण तहान लागून पाणी पण त्याच मापात आत जातं म्हणून आकडा हलत नाही. पेशंटचे नातेवाईक मला रोज विचारतात की सोडियम नॉर्मल आहे मग मीठ का बंद, त्यांना हेच सांगतो.

आता आत-बाहेरचा हा फरक आपोआप राहत नाही. पेशीचं आवरण थोडं गळकंच असतं, सोडियम सतत आत झिरपतं, आणि ते उपसून बाहेर टाकायला पंप बसवलेले आहेत. एका फेरीत ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत, खर्च एक एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन. लाल पेशीवर असे पंप किती, तर फक्त काहीशे. हृदयाच्या किंवा स्नायूच्या पेशीशी तुलना केली तर अगदीच तुटपुंजे, त्यामुळे त्यातले थोडे जरी बंद पडले तरी फरक जाणवतो.

किडनी फेल असलेल्यांमध्ये हे पहिल्यांदा नीट दाखवलं लुई वेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९६४ साली, अमेरिकेत. पण लक्षात ठेवा, सगळ्या पेशंटमध्ये नाही सापडलं. काहींच्या पेशींत सोडियम स्पष्ट वाढलेलं होतं, बाकीच्यांचं ठीकठाक होतं. हे तुमच्या प्रोजेक्टला फार महत्त्वाचं आहे कारण तुम्ही सहा-आठ पेशंट घेतले आणि त्यात एकाचंच वाढलेलं आलं तर घाबरून आकडे ओढूनताणून बसवू नका, ते तसंच असतं.

तुमच्या मॅडम मीटिंगला गेल्या तरी बरोबर सांगून गेल्या, दोन्ही असतं. एक म्हणजे रक्तातलं काहीतरी पंपाला अडवतं. हे कसं कळलं, तर निरोगी माणसाच्या लाल पेशी युरेमिक पेशंटच्या प्लाझ्मात (रक्तातला पेशी सोडून उरलेला द्रव) भिजवून ठेवल्या की त्यांचाही उपसा मंदावतो, चांगल्या घरचं पोरगं वाईट संगतीत बिघडावं तसं. दुसरं म्हणजे पेशीवर पंपच कमी असतात, आणि हे प्लाझ्मा बदलून सुधरत नाही

(बेल वाजली, येतो)

कण्हेरीखालचा_मास्तर

डॉक्टर पळाले तर पुढचं मी ओढतो, तीस वर्षं फिजिओलॉजी शिकवलंय.

पंप कमी का, हे समजायला लाल पेशीचा जन्म बघायला लागतो. हाडाच्या मगजात ती तयार होत असते तेव्हा तिच्यात केंद्रक असतं, तिथे पंप बनून आवरणात बसतात. रक्तात यायच्या आधी केंद्रक टाकून देते. म्हणजे माहेरून जेवढं घेऊन आली तेवढ्यावरच साधारण १२० दिवस संसार करायचा, नवा पंप बनवायची सोय नाही. युरेमिक वातावरणात तयार झालेली पेशी मुळातच कमी पंप घेऊन निघते असं मोजमापात दिसतं. तरुण पेशींवर पंप जास्त आणि म्हाताऱ्या पेशींवर कमी हे पण आहेच. त्यामुळे एरिथ्रोपोएटिनचं (नव्या लाल पेशी बनवायला लावणारं) इंजेक्शन चालू असलेल्या पेशंटमध्ये तरुण पेशींचा भरणा होतो आणि उपसा सुधारल्यासारखा दिसतो. तुझ्या यादीत कोणाला ते इंजेक्शन चालू आहे, कधीपासून, हे लिहून ठेवलं नाहीस तर शेवटी आकड्यांचा नुसता काला होईल.

आणि एक गंमत. मुलं परीक्षेत हमखास लिहितात की एटीपी कमी पडतो म्हणून पंप मंदावतो. चूक! युरेमियात लाल पेशीतला एटीपी बऱ्याचदा वाढलेलाच असतो, कारण रक्तात फॉस्फेट तुंबलेलं असतं. डिझेल टाकीभर आहे, इंजिनच अडलंय.

आता ते अडवणारं काय? इथे माझा आवडता भाग येतो, थोडं पाल्हाळ सहन करा. १९५३ साली स्वित्झर्लंडमध्ये शाट्झमान नावाच्या संशोधकाने दाखवलं की हृदयावर चालणारी वनस्पतीजन्य औषधं, डिजिटालिसच्या जातीची, ती लाल पेशीतून सोडियम-पोटॅशियमची ने-आण बंद पाडतात. पुढे १९५७ ला डेन्मार्कमध्ये स्कोऊने खेकड्याच्या पायाच्या नसा कुटून त्यात एक एन्झाइम शोधलं जे सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असतील तरच एटीपी फोडतं. मूळचा डॉक्टर माणूस, भूल देणाऱ्या औषधांवर काम करत होता. त्याच वर्षी अमेरिकेत पोस्ट आणि जॉली यांनी माणसाच्या लाल पेशीत ३ ला २ हा हिशोब मांडला. पुढच्या वर्षी एका परिषदेत पोस्ट आणि स्कोऊ भेटले, तुझं एन्झाइम ओबेनने, म्हणजे शाट्झमानच्या त्या औषधांच्याच जातीच्या द्रव्याने, बंद पडतं का असा प्रश्न निघाला, तपासलं तर पडतं. झालं, एन्झाइम म्हणजेच पंप! स्कोऊला नोबेल मिळालं १९९७ ला, चाळीस वर्षांनी.

ओबेन म्हणजे आफ्रिकेत बाणांना लावायचं विष. पण लांब कशाला जा, आपल्या कुंपणाची कण्हेर, ती पिवळी कण्हेर जिला आपण बिट्टी म्हणतो, शनिवारी मारुतीला माळ घालतो ती रुई, सगळ्यांच्या चिकात याच कुळातली द्रव्यं आहेत. बिट्टीच्या बिया खाऊन माणसं दगावतात ती याच पंपाच्या अडवणुकीने. आणि शास्त्रज्ञांना संशय असा की किडनी फेल झालेल्या शरीरात, पाणी-मीठ साठलं की, अशाच जातीचं काहीतरी अंगातच तयार होतं. १९९१ ला माणसाच्या प्लाझ्मातून ओबेनसारखा पदार्थ वेगळा काढल्याचं प्रसिद्ध झालं, तो खरंच ओबेनच आहे का यावर भांडणं अजून चालू आहेत. दुसरं एक नाव मरिनोबुफॅजेनिन, हे टोड जातीच्या बेडकाच्या विषातलं, तेही किडनीच्या रुग्णांमध्ये वाढलेलं सापडतं. पुरावा घरगुती आहे पण मला पटतो: डिगॉक्सिनची (डिजिटालिसच्या जातीचं हृदयाचं औषध) गोळी कधीच न घेतलेल्या किडनीच्या पेशंटच्या रक्तात जुन्या पद्धतीच्या टेस्टमध्ये डिगॉक्सिन दिसायचं. टेस्टमधली अँटीबॉडी फसायची, म्हणजे तसलं काहीतरी रक्तात असणारच की.

डावा_हात_फिस्टुला

मी यातला शिकलेला नाही, सहा वर्षं डायलिसिसवर आहे एवढंच क्वालिफिकेशन. सोडियमचं माहीत नाही पण पोटॅशियमचं सांगतो. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात बहिणीकडे कोकणात गेलो, तिने मायेने दोन शहाळी पाजली, मीही नाही म्हणलो नाही कारण उन्हाने जीव चालला होता. रात्री पाय जड, उठताच येईना, जवळच्या दवाखान्यात नेलं तर पोटॅशियम ६.८. त्यांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, मग ग्लुकोजमधून इन्सुलिन, नाकाला दम्याचं नेब्युलायझर. मी म्हणलं मला दमा नाही हो, तर डॉक्टर म्हणाले गप पडून ऱ्हावा काका. मग त्या औषधाचा आणि तुमच्या या पंपाचा संबंध आहे का?

आणि अजून एक, मला शुगर पण आहे, तीन महिन्यांची शुगर ५.८ आली म्हणून पेढे वाटले होते, नंतर नेफ्रोवाले म्हणाले त्यावर विश्वास ठेवू नका, ती टेस्ट लाल पेशींत चिकटलेली साखर मोजते आणि तुमच्या लाल पेशीच लवकर मरतात. तेव्हापासून या लाल पेशींवर माझा राग आहे.

निसर्गमित्र_नाशिक

काकांना सांगा साधं मीठ बंद करून सैंधव घ्या किंवा ते लो सोडियम मीठ, सोडियमचा प्रश्नच मिटेल.

डावा_हात_फिस्टुला

दादा, सैंधव पण मीठच असतं, आणि लो सोडियमवाल्या पुडीत सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. ते खाल्लं तर मीच मिटेन. आम्ही बटाटा चिरून पाण्यात ठेवून, उकळून, पाणी ओतून मग भाजी करणारी माणसं.

रात्रपाळी_रेसिडेंट

आलो. शहाळ्यावाले काका, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं, आणि त्यातही जास्त वाटा स्नायूंचा. इन्सुलिन आणि ते दम्याचं औषध, दोन्ही स्नायूंच्या पेशीवरचा हाच पंप जोरात चालवतात, म्हणून रक्तातलं पोटॅशियम तात्पुरतं आत ढकललं जातं. कॅल्शियम पोटॅशियम कमी करत नाही, ते फक्त हृदयाला सांभाळतं. शरीराबाहेर मात्र यातलं काहीच जात नाही, त्याला डायलिसिसच. आणि ज्या पेशंटचे पंप मुळातच मंद आहेत त्यांना खाल्लेलं पोटॅशियम पटकन पेशीत ढकलणं पण जमत नाही, म्हणजे किडनी बंद हा एक फटका आणि गोदामाचं दार अर्धवट उघडतं हा दुसरा. लाल पेशी आम्ही एवढ्यासाठी बघतो की त्या सुईने सहज मिळतात, रोज कोण स्नायूचा तुकडा काढून देणार.

पण नर्व्हस होऊ नका, पेशीतलं सोडियम वाढलंय का ही टेस्ट आम्ही पेशंटला कधीच सांगत नाही, त्यावर उपचार ठरत नाहीत. पुरेसं डायलिसिस होत असेल तर काहींमध्ये काही आठवड्यांत पंपाचं काम सुधारतं, ट्रान्सप्लांटनंतर नव्या पेशी येतात त्या चांगले पंप घेऊन येतात. पायाची सूज वगैरे याने येत नाही, ती बाहेरच्या पाण्याची.

बायोकेमवाली, तुमच्यासाठी एक मुद्दा राहिला. पंप कमी आणि तरीही आतलं सोडियम नॉर्मल असे पेशंट सापडतील. कारण आत सोडियम थोडं वाढलं की उरलेले पंप जोरात चालायला लागतात, आणि सोडियम आत-बाहेर करणारी दुसरी एक वाट, सोडियम-पोटॅशियम-क्लोराइड एकत्र नेणारी, ती पण युरेमियात मंदावलेली सापडते. उपसा कमी आणि गळतीही कमी, मग पातळी तीच. म्हणून नुसतं आतलं सोडियम मोजून पंपाबद्दल निष्कर्ष काढू नका, पंपाचा वेग वेगळा मोजायला हवा.

बायोकेमवाली_कोल्हापूर

बापरे, एका रात्रीत एवढं! मास्तर, तुम्ही लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं, माहेरचं ऐकून आई पण हसली.

@लॅबवाले_काका, पेशी नॉर्मल सलाईनने धुतल्या, तीन वेळा. शेवटचं सेंट्रिफ्यूज १५०० ला पाच मिनिटं, आमचं मशीन जुनं आहे, त्यापुढे नेलं की टेबल चालायला लागतं. वरचं सलाईन पिपेटने काढलं, अगदी तळापर्यंत नाही काढलं, पेशी वर ओढल्या जातील अशी भीती वाटली.

लॅबवाले_काका

हां. चोर सापडला.

सलाईनमध्ये सोडियम किती, लिटरला १५४. तू ज्याला पॅक्ड सेल म्हणतेस त्यात पेशींच्या मधे मधे सलाईन अडकलेलं आहे. एवढ्या कमी स्पीडला, वरचं पूर्ण न काढता, १५-२० टक्के सहज राहतं. १८ टक्के धर. १५४ च्या १८ टक्के म्हणजे २७.७, आणि उरलेल्या ८२ टक्के पेशींत ८ च्या हिशोबाने साडेसहा. बेरीज कर.

बायोकेमवाली_कोल्हापूर

३४.३ 🤦‍♀️🤦‍♀️

लॅबवाले_काका

तुझं पहिलं रीडिंग. दुसऱ्यांदा जरा जास्त काढलं असशील म्हणून ३१. तू पेशी मोजल्याच नाहीस, सलाईन मोजलंस.

सोडियम मोजायचं असेल तर सोडियम नसलेल्या द्रावणाने धुवायचं. मॅग्नेशियम क्लोराइड, साधारण ११० मिलीमोलचं, पीएच ७.४ ला आणून, आणि थंड, म्हणजे धुताना आतलं बाहेर येत नाही. बफर ट्रिसचा घे, सोडियम फॉस्फेटचा घेतलास तर मी कोल्हापूरला येऊन कान धरीन. चार वेळा धू. शेवटच्या धुण्याचं वरचं पाणी टाकू नको, तेच फ्लेमवर लाव, त्यात सोडियम जवळपास शून्य आलं तरच पुढे जा. फ्लेमचा रंग बघायची सवय लाव, सोडियम आलं की ज्योत भगवी-पिवळी भडकते, आकडा यायच्या आधी डोळ्याला कळतं. काचेच्या जुन्या टेस्ट ट्यूब वापरू नको, प्लास्टिकच्या घे आणि हाताच्या घामाने पण रीडिंग वर जातं, हसू नको, माझं गेलंय.

टेबल चालतं तर सेंट्रिफ्यूजचं बॅलन्सिंग बघ आधी. समोरासमोरच्या ट्यूब तराजूवर तोलून भर, डोळ्याने नको.

आता डायलिसिस सेंटरहून सॅम्पल कसे आणणार आहेस?

बायोकेमवाली_कोल्हापूर

एथिक्स कमिटीची परवानगी आलीये, सेंटरवाले सकाळच्या शिफ्टला सुई टोचतानाच काढून देणार. मग मी बर्फाच्या डब्यात आणणार आणि फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी सगळे एकदम करणार असं ठरवलंय.

लॅबवाले_काका

अजिबात नाही! फ्रिजमध्ये पंप बंद पडतो, गळती मात्र हळूहळू चालू राहते. लोडशेडिंगमध्ये विहिरीची मोटर बंद आणि झरा चालू, तसं. रात्रभरात सोडियम आत आणि पोटॅशियम बाहेर. मग तुझ्या निरोगी माणसांच्या पेशी पण आजारी दिसतील. ब्लड बँकेतल्या जुन्या पिशवीत पोटॅशियम वाढतं ते याच कारणाने. मी नोकरीत असताना एका कलेक्शन सेंटरवरून सॅम्पल फ्रिजमध्ये न वेगळे करता ठेवून दुसऱ्या दिवशी यायचे, एका धडधाकट पैलवानाचं पोटॅशियम ७.१ आलं, घरचे रडत रडत त्याला ॲडमिट करायला निघाले. ताजं घेतलं तर ४.३.

हिपॅरिनची (रक्त गोठू न देणारं औषध) ट्यूब घे, जांभळ्या झाकणाची नको, त्यात पोटॅशियमचंच मीठ असतं. रूम टेंपरेचरला आण, तासाभरात धुवायला घे. थंड द्रावण फक्त धुताना, ते काम दहा-वीस मिनिटांचं असतं. एका दिवशी दोनच पेशंट आणि एक निरोगी, बस.

पंपाचा वेग मोजायला रुबिडियमचा किरणोत्सारी प्रकार वापरतात, पंप त्याला पोटॅशियम समजून आत घेतो, तो तुमच्या कॉलेजात मिळणार नाही. मग असं कर, धुतलेल्या पेशी सोडियम नसलेल्या पण थोडं पोटॅशियम आणि ग्लुकोज असलेल्या द्रावणात ३७ डिग्रीला ठेव, अर्ध्या ट्यूबमध्ये ओबेन घाल, अर्ध्यात नको. तासाभरात बाहेर किती सोडियम आलं ते दोन्हीकडे मोज. वजाबाकी केली की पंपाचा वाटा. एखादी पेशी फुटली तरी आतलं सोडियम बाहेर येतं आणि तुला वाटतं पंपाने टाकलं, म्हणून द्रावण लाल झालेली ट्यूब फेकून द्यायची, जीव तुटला तरी.

ओबेन हाताळताना ग्लोव्हज घाल. मास्तरांनी वर सांगितलंच आहे ते काय आहे.

बायोकेमवाली_कोल्हापूर

चार दिवसांनी अपडेट. मॅग्नेशियम क्लोराइडने धुतलं, टेबल पण चाललं नाही (ट्यूब तोलल्या). माझ्या पेशी: ७.८ आणि ८.१. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात ज्योत निळीच राहिली, फोटो काढून ठेवलाय.

आज पहिले दोन पेशंट केले, डायलिसिस सुरू व्हायच्या आधीचं रक्त. एक ८.४. दुसरे १३.२, तेही तिन्ही ट्यूबमध्ये. दुसऱ्यांना एरिथ्रोपोएटिन चालू नाही, मास्तर, लिहून ठेवलंय.

बाबांचा नंबर गुरुवारी आहे. कालपासून विचारतायत, माझं किती येईल गं. म्हणलं उपाशी राहायची गरज नाही, अभ्यास पण करू नका.

डावा_हात_फिस्टुला

गुरुवारी आकडा टाक इथे पोरी. आणि बाबांना शहाळं देऊ नको.